टॉकीजकाकूंचा पोस्टमास्तर

टॉकीजकाकू प्रत्येक सिनेमा दोनदा पाहायच्या आणि दुसऱ्या वेळी पडद्याकडे ढुंकूनही बघायच्या नाहीत. बालाघाटच्या टॉकीजमध्ये बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेतली खुर्ची पकडून त्या चक्क उलट्या बसायच्या आणि मागच्या बायकांची तोंडं न्याहाळायच्या. "अवं बाई, पडदा तिकडं हाय," असं कोणी म्हटलं की उत्तर तयार असे, "पडदा काल पाह्यला. आज तुमाले पाहून राह्यली."

त्या आमच्या शेजारच्या. काका जंगल खात्यात, कायम दौऱ्यावर. त्यामुळे टॉकीजला जायला काकूंना कोणाची परवानगी लागत नसे, आणि लागली असती तरी त्यांनी ती मागितली असती असं मला वाटत नाही. माहेर रामपायलीचं. लहानपणी जत्रेत रात्ररात्र दंडार, म्हणजे तिकडचं लोकनाट्य, पाहिलेली. सिनेमा म्हणजे विजेवर चालणारी दंडार, एवढं त्यांचं साधं मत होतं.

रविवारी दुपारी आमच्या ओट्यावर बायका सुपं घेऊन तांदूळ निवडायला बसत आणि काकू सिनेमा सांगत. सांगताना तो सगळा आमच्याकडे यायचा. मुंबईचा नायक आमच्या छोट्या रुळांच्या आगगाडीतून उतरायचा, नायिका वैनगंगेवर धुणं धुवायची आणि खलनायक हटकून गोंदियाचा असायचा. बालाघाटच्या माणसावर असले आळ घ्यायला त्या तयार नव्हत्या. गोष्ट संपली की उलटतपासणी सुरू. "तू काहून रडली वं तिथं?" मग जिने जन्मात सासूबद्दल ब्र काढला नव्हता ती सिनेमातल्या सासूवर तासभर बोलायची. ती सासू कुठल्या घरातली ते सगळ्यांना कळायचं, पण कोणी बोलून दाखवायचं नाही. काकू हळूच मला म्हणत, "सोताची सासू म्हटली का तोंडाले कुलूप. सिनेमातली म्हटली का पाह्य कशा मोकळ्या होतेत."

माझे बाबा कचेरीत मोठे कारकून. नागपूर दुसऱ्या राज्यात गेलं आणि आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो, तेव्हापासून घरातलं मराठी शुद्ध राखायची जबाबदारी त्यांनी स्वतःवर घेतली होती. 'हो'ऐवजी 'हौ' म्हटलं की डोळे वटारत. सिनेमा त्यांच्या लेखी थिल्लर. तरी रविवारी वर्तमानपत्र घेऊन ते नेमके ओट्यालगतच्या खोलीत बसत आणि वाऱ्यासाठी म्हणून दार उघडं ठेवत. काकू त्यांना ऐकू जाईल असं म्हणत, "भाऊजी, थिल्लर तं थिल्लर. पन साऱ्या गावाले जे आवडते, ते एकदा नीट पाहाले नको का? चांगलं का वाईट ते मंग ठरवा. आधी पाहा, लोक रडतेत कुठं."

मी मॅट्रिक झाले आणि घरात लग्नाचं निघालं. लामत्याचे पाहुणे मला बघायला येणार होते. मला जबलपूरला कॉलेजात जायचं होतं, पण बाबांसमोर उभं राहून ते सांगायची माझी छाती नव्हती. एका संध्याकाळी काकूंपाशी मनसोक्त रडले. त्यांनी बोलू दिलं, चहा पाजला आणि घरी पाठवून दिलं.

त्या रविवारी नवा सिनेमा होता. काकूंनी आवाज जरा चढवूनच सुरुवात केली. "पोरगी हुशार. बाप पोस्टमास्तर. साऱ्या गावाच्या चिठ्ठ्या घरोघरी पोचवते, पन पोरीच्या मनातलं त्याले वाचता येत नाही." पोरीचं लग्न ठरलं. तिने शालूखाली पुस्तकं लपवून पेटी भरली. निघताना बापानेच पेटी उचलली आणि म्हणाला, "एवढी जड काहून?" पोरीनं काही सांगितलं नाही. सुपं थांबली. इतक्यात आतून बाबांचा आवाज आला, "पण त्या पोस्टमास्तरला एवढंही कळू नये? शिकू द्यायचं ना मुलीला!"

मी सुपातल्या तांदळातून मान वर केली नाही. काकू मात्र शांतपणे म्हणाल्या, "हौ ना, भाऊजी. टॉकीजातल्या बायाही तेच म्हनत होत्या." आणि प्यायला पाणी मागितलं.

त्याच आठवड्यात जेवताना बाबा आईला म्हणाले, "लामत्याच्या पाहुण्यांना सध्या नको म्हणून कळवतो. जबलपूरच्या वसतिगृहाची चौकशी केली आहे." मी भात दोनदा मागून घेतला.

आनंदाच्या भरात मी काकूंबरोबर तो सिनेमा पाहायला गेले. त्यात दोन भाऊ होते, डाकू होते, एक पांढरा घोडा होता. पोस्टमास्तर नव्हता. बाहेर पडल्यावर मी विचारलं तर म्हणाल्या, "दोन भावाईले डाकूनं पळवलं, हे आयकून तुया बापानं तुले जबलपूरले धाडलं असतं का?" हसून माझी पुरेवाट झाली, पण भीतीही वाटली. बाबांना कळलं तर? एकच दिलासा होता, बाबा टॉकीजची पायरी चढणारे नव्हते.

पुढे मी लोकांच्या करमणुकीवर अभ्यास करायचं ठरवलं तेव्हा कॉलेजातले सर हसले. "हा काय अभ्यासाचा विषय?" मला काकू आठवल्या आणि मी हट्टाने तोच विषय धरला. आज वर्गात मोठमोठ्या व्याख्या सांगते, पण मुलांना पहिला प्रश्न काकूंचाच विचारते. लोक रडले कुठं? मुलं पुस्तकात उत्तर शोधतात, तेव्हा त्यांना गावातल्या थिएटरात पाठवते, उलटं बसायला.

काकांची बदली बस्तरला झाली तेव्हा मी जबलपूरहून सुट्टीत घरी आले होते. आम्ही सगळे स्टेशनवर गेलो. बाबा पाण्याची सुरई घेऊन आले होते. ती त्यांनी खिडकीतून आत दिली आणि म्हणाले, "वहिनी, तुमचा तो पोस्टमास्तर मले त्या सिनेमात कुठं दिसला नाही."

काकूंनी सुरई खाली ठेवली आणि खिडकीच्या गजांशी वाकल्या.

"तुम्ही पाह्यला? कधी?"

"दुसऱ्याच दिवशी. कचेरीतून परस्पर गेलतो." बाबांच्या तोंडी असली भाषा मी त्याआधी ऐकली नव्हती. गाडी हलली तसे ते दोन पावलं तिच्याबरोबर चालले. "मंग जबलपूरची चौकशी केली."

काकू खिडकीतून मागे वळून, टॉकीजात बघायच्या तशाच, बाबांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. बाबा सगळ्यांसमोर रडत होते.