डॉक्टरबाईंनी माझं वावर सोडलं

वणीच्या स्टँडवर नागपूरची गाडी लागली तेव्हा बाबा माझ्या शर्टावरची रुई वेचत होते. जिनिंगमधल्या माणसांची ती सवयच. कोणी समोर उभा राहिला की बोलता बोलता त्याच्या अंगावरचे तंतू काढायचे. त्या दिवशी माझा शर्ट धुतलेला होता, रुई नव्हतीच. तरी बाबांची बोटं कॉलरभोवती फिरत होती आणि कॉलरच्या आत, मानेच्या डाव्या बाजूला, लिंबाएवढी जी गाठ होती तिच्यापाशी आली की मागे वळत होती. शेवटी त्यांनी पिशवीतून लोकरीचा मफलर काढला आणि माझ्या गळ्याला गुंडाळला.

"काढू नको, दिन्या. लोकं पाह्यतात."

एप्रिलच्या उन्हात लोकरीचा मफलर घातलेला माणूस गाडीत मी एकटाच. त्यामुळे जे पाहणार नव्हते त्यांनीही वरोऱ्यापर्यंत माझ्या मानेकडेच पाहिलं. शेजारी वंदना, माझी बायको, पिशवी मांडीवर धरून बसली होती.

तुम्ही जे गावाकडे राहिलात आणि जे माझ्यासारखे निघून आलात, त्या सगळ्यांना माझ्याबद्दल काही ना काही ऐकू आलेलंच आहे. त्यातली मी मरायला टेकल्याची बातमी तेवढी खोटी. ती पसरवली मात्र मीच. ते पुढे येईलच.

मी जिनिंगमध्ये ग्रेडर होतो, बाबांच्या जागेवर लागलेला. कापसाचा पुंजका दोन अंगठ्यांत धरून ओढायचा आणि धागा किती लांब, किती चिवट, ते बोटांनी सांगायचं. त्या वर्षांत सांगण्यासारखं फार उरलं नव्हतं. गाड्या कमी यायच्या, आल्या तर अर्धा माल अळीने खाल्लेला असायचा, आणि सरकी काढणारे रेचे होळीच्या कितीतरी आधीच बंद पडायचे. मला त्या हंगामात अंगभर खाज सुटली. जिनिंगमध्ये खाज कोणाला नसते? रुई चावते म्हणून सगळेच खाजवत होते. मी जरा जास्त मन लावून खाजवत होतो. झोपेत घाम इतका यायचा की वंदना चादर पिळायची. ते मी उन्हाळा लवकर आला यावर ढकललं. डिसेंबरमध्ये.

एका लग्नात मित्रांनी मोहाची दिली. दोन घोट गेले आणि मान अशी ठणकली, जणू कोणी गाठीत सुतळीचा दाभण खुपसला. पुन्हा घेतली, पुन्हा तेच. मी दारू सोडली. वंदनाला वाटलं, देव पावला. तिने नारळ फोडला. हा या आजाराचाच एक चाळा असतो, दारू पोटात गेली की गाठ दुखते, हे फार पुढे डॉक्टरबाईंनी सांगितलं. तोवर नारळाचं खोबरं खाऊन झालं होतं.

गावाजवळच्या डॉक्टरांनी टीबीच्या गोळ्या चालू केल्या. गोळ्यांनी लघवी केशरी झाली आणि गाठ होती तशीच वाढत राहिली. हंगाम संपता संपता त्यांनीच हात जोडून नागपूरला जायला सांगितलं.

नागपुरात गाठीचा तुकडा काढला. डॉक्टरबाईंनी नाव सांगितलं: हॉजकिन्स लिम्फोमा. नावात कुठेही कॅन्सर नाही हे पाहून मी खूश झालो आणि म्हणालो, "म्हणजे तसलं काही नाही ना?" बाईंनी रिपोर्ट माझ्याकडे सरकवला. मग म्हणाल्या, "तसलंच आहे. पण तसल्यातलं बरं होणारं आहे." वंदनाने फक्त पहिलं वाक्य ऐकलं. मीही.

सलाईनमधून एक लाल औषध जायचं, मग आणखी तीन. केस गेले, तोंड आलं, जिभेला लोखंडाची चव आली. बोटांची टोकं बधिर झाली. एकदा उशीचा कापूस उसवून मी धागा ओढून पाहिला. काहीच कळलं नाही. पिढीजात विद्या बोटांतून निघून गेली होती आणि ते मी वंदनाला सांगितलं नाही.

सुरुवातीच्या फेऱ्यांनंतर बाईंनी छातीचा स्कॅन काढला. काळी फिल्म उजेडावर धरली आणि म्हणाल्या, "छान. सहा फेऱ्या ठरवल्या होत्या, आता चारच देऊ. नंतरचा रेडिएशनचा शेकही कमी, आणि थोड्याच जागेवर."

मी म्हणालो, "मॅडम, सहाच द्या ना. आठ द्या."

बाई हसल्या. "गरज नाही आता."

ते हसू मला नीट कळलं, असं मला वाटलं. आमच्याकडे त्या वर्षांत अळी हटत नव्हती आणि जो तो फवारा वाढवत होता. दोनाचे चार, चाराचे आठ. ज्याने मध्येच पंप खाली ठेवला, त्याने वावर सोडलं असं समजायचं. दुसऱ्या दिवशी त्यात लोकांच्या शेळ्या शिरायच्या आणि कोणी हाकलायचं नाही. बाई पुढे खूप काही सांगत होत्या: औषध विषच असतं, प्रत्येकाच्या आजाराचा जोर पाहून मोजून द्यावं लागतं, तुम्ही तरुण आहात, म्हातारपणी हृदय आणि फुप्फुस शाबूत राहायला हवं. मी प्रत्येक वाक्याला "हो मॅडम" म्हणत होतो. डॉक्टरसमोर प्रश्न विचारणं म्हणजे उद्धटपणा, हे आम्हाला घरातच शिकवलेलं. माझ्या डोक्यात एवढंच चालू होतं, की बाईंनी माझं वावर सोडलं आणि आता म्हातारपणाच्या गप्पा मारून माझं मन राखताहेत.

चौथी फेरी झाली. बाई म्हणाल्या, "थोडे दिवस घरी जा, आवडेल ते खा, ताकद आली की शेक सुरू करू. तारीख चुकवू नका." आवडेल ते खा! आमच्याकडे हे वाक्य कोणाला सांगतात, ते तुम्हाला माहीत आहे.

मी घरी आलो तो मरायलाच. वंदनाला सांगितलं, बाबांना सांगितलं, आणि गाव म्हणजे काय, सांगावं लागलंच नाही. माणसं डबे घेऊन यायला लागली. कोणी रोडगे आणले, कोणी पाटवडीचा रस्सा. बांधावरून बोलणं टाकलेले माधवकाका कोंबडा शिजवून घेऊन आले आणि डोळे पुसत म्हणाले, "जाता जाता मनात काई ठेवू नको, बाप्पा." मी मोठ्या मनाने त्यांना माफ केलं आणि कोंबडा संपवला. रोज असंच चाललं होतं. माझे गाल भरले, डोक्यावर पिलाच्या अंगासारखे केस आले. इतक्या चांगल्या तब्येतीत मरणारा माणूस गावाने पाहिला नव्हता. लोक भेटून जाताना जरा घोटाळल्यासारखे दिसायचे.

पण दुपारी डबे बंद झाले की घर गप्प व्हायचं. चारी बाजूंच्या वावरांतून पंपांचा आवाज यायचा आणि औषधाचा तो गोडसर, उग्र वास ओट्यापर्यंत पोचायचा. आमच्या समोरच्या वावरातला आवाज बंद होता. तिथे शेळ्या होत्या. मी त्यांच्याकडे बघत बसायचो. शेकाची तारीख त्याच ओट्यावर बसल्या बसल्या गेली. सोडलेल्या वावरावर कशाला शेक, असं मला वाटलं.

असाच बसलो असताना बाबा बाहेर आले.

"इकडं ये. मान दाखव."

आजारपणात त्यांनी एकदाही गाठीला हात लावला नव्हता. आता त्यांनी दोन्ही अंगठे मानेवर ठेवले, कापूस धरावा तसे, आणि हळूहळू चाचपत खाली आले.

"हातात काईच येत नाही, बे."

"आतमध्ये असंल."

"आतला फोटो काढला ना बाईनं? काय म्हने?"

"म्हने, आतली बी विरली."

"मंग?"

"मंग औषध कमी केलं."

बाबांनी हात काढला नाही. "अळी मेल्यावर कोनी फवारा मारते काय?"

"आपल्याकडं मारतात."

"मारतात. म्हनून त ही गत झाली." मग त्यांनी विचारलं, "शेकाची तारीख कधीची?"

"गेली."

बाबांचा चेहरा मी त्याआधी तसा पाहिला नव्हता. एकदा जिनिंगला आग लागली होती, तेव्हाही नाही. आतून वंदना दारात आली होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती आत जाऊन पिशवी भरू लागली.

नागपूरला बाई रागावतील म्हणून मी तयारी करून गेलो होतो. त्या रागावल्या नाहीत. तेच वाईट होतं. म्हणाल्या, "औषध कमी केलं ते शेक वेळेवर होणार म्हणून. हे मधले आठवडे रिकामे गेले. त्यांनी काय केलं, ते आज सांगता येणार नाही. पुढे कळेल, किंवा कळणार नाही." माझ्या छातीवर आणि मानेवर जांभळ्या शाईच्या रेघा ओढल्या आणि मी रोज त्या थंड खोलीत एकटा, हलू नका म्हणून सांगितलेला, छताकडे बघत पडून राहिलो. विनोद सुचेना, अशी माझ्या आयुष्यातली तेवढीच जागा.

शेक संपल्यावर बाईंनी शेवटची गोष्ट सांगितली. एका औषधाने फुप्फुस नाजूक झालेलं असतं. रुईच्या धुळीत पुन्हा काम नाही. म्हणजे जिनिंग नाही. या वेळी मी प्रश्न विचारला: "किती दिवस?" त्या म्हणाल्या, "तुम्हाला जितके दिवस जगायचं आहे तितके."

म्हणून आम्ही नागपुरात राहिलो. मी गाद्यांच्या दुकानात लागलो, आणि गाद्याही कसल्या, फोमच्या. "सर, ऑर्थोपेडिक घ्या, कापसाची गादी म्हणजे घरात धूळ," असं मी दिवसभर बोलतो. गावाकडून कोणी दुकानात आला की मी हे वाक्य गिळतो. मेलो नाही हे पाहून माधवकाकांनी पुन्हा बोलणं टाकलं. कोंबड्याचा विषय अजून काढतात म्हणे. गावातली बरीच दारं आता बंद असतात. जी माणसं डबे घेऊन माझ्या मरणाला आली होती त्यांतली काही माझ्याआधीच गेली, कोणाला कसलीही तारीख न मिळता.

दर वर्षी तपासणीच्या आधी मी गावी जातो. वंदना म्हणते, उगाच दगदग. पण मशीनमध्ये जाण्याआधी मला ते दोन अंगठे हवे असतात. बाबा ओट्यावर बसतात, मी समोर उकिडवा. आधी कॉलरवरचे तंतू वेचायचे, नसलेले. मग मान. "काई नाही," असं ते म्हणाले की मला घरी आल्यासारखं वाटतं. घर म्हणजे माझ्यापुरतं आता एवढंच उरलं आहे. कोणीतरी मानेवर हात ठेवून काई नाही म्हणावं.

परवा गेलो होतो. बाबांची बोटं कॉलरवरून मानेवर गेली. डाव्या बाजूला, कानाच्या खाली, ती आली आणि थांबली. समोरच्या वावरातला पंप चालू होता. मी वाट बघत राहिलो. बोटं हलली नाहीत.

"काय झालं, बाबा?"

त्यांनी हात काढून धोतराला पुसला आणि दुसरीकडे पाहिलं.

"मफलर काहून नाही आनला, बे?"