सुमननं जे सांगितलं होतं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — ती गेली, तेव्हा मला भला माणूस समजूनच गेली.

रोज सकाळी पार्कात आम्ही सात-आठ रिटायर लोक बसतो. पेपरात विनयभंगाची, बलात्काराची बातमी आली की कुणीतरी म्हणतंच, "आजकल आधे केस झूठे होते हैं." मग तिवारीजी माझ्याकडे वळतात. "भाईसाहब, वो अपने दफ़्तर वाला किस्सा सुनाइए." आणि मी सांगतो. किती वर्षं सांगतोय! एका बाईनं बडे बाबूंवर, म्हणजे आमच्या हेडक्लार्कवर, आळ घेतला, चौकशीत स्वतःच खोटं कबूल केलं, नोकरी गेली. लोक हसतात. मीही — हो, मीही हसतो.

त्या बाईचं नाव सुमन. लग्न होऊन बीडकडच्या खेड्यातून झाशीला आली. तीन वर्षांत नवरा गेला आणि त्याच्या जागी ती आमच्या ऑफिसात चपरासी म्हणून लागली. हिंदी मोडकीतोडकी, लिहिणं म्हणजे फक्त सही. मला दादा म्हणायची.

एके दिवशी बडे बाबूंनी तिला रेकॉर्ड रूममध्ये बोलावलं आणि आतून कडी लावली. तिनं तक्रार केली. पण साहेबांसमोर हिंदीत सगळं सांगताना तिची जीभ वळेना. साहेब मला म्हणाले, "आप इनकी भाषा के हैं, बगल में बैठकर लिख लाइए."

बाजूच्या खोलीत ती अर्धा तास बोलली. भिंतीकडे बघत बोलली. काही गाळलं नाही. आणि तिच्या नावानं मी हिंदीत काय लिहिलं? "मी उशिरा आले म्हणून बडे बाबू रागावले, त्याचा राग धरून मी खोटी तक्रार केली, माझी चूक झाली."

का लिहिलं? कुणी धमकावलं नव्हतं. बडे बाबू आमच्यातलेच — गणपतीत पहिली आरती त्यांची. आदल्या दिवशी एवढंच म्हणाले होते, "अरे, इथं आपण मूठभर मराठी माणसं. आपणच आपली अब्रू काढायची का?" त्यांची अब्रू आपली — आणि तिची? हा प्रश्न तेव्हा मला पडलाच नाही, असं म्हणावंसं वाटतं. पडला होता.

"वाचून दाखवा ना, दादा."

"सगळं तुझंच आहे. कर सही."

तिनं केली.

त्या कबुलीवरून बडतर्फीची ऑर्डर निघाल्यावर ती आपल्या पोरीला कडेवर घेऊन आमच्या दारात आली. ओरडली नाही, रडली नाही. "दादा, मी असं सांगितलं होतं?" शेजारी बायको उभी होती. मी म्हणालो, "हो. असंच." ती माझ्याकडे बघत राहिली — स्वतःवरच शंका आल्यासारखी. बायकोनं पोरीच्या हातात बिस्कीट दिलं आणि त्या गेल्यावर म्हणाली, "कशी बाई ही!" सुमन गावी गेली म्हणे. पुढचं मी कधी विचारलंच नाही.

गेल्या महिन्यात तिवारीजी सांगत होते, त्यांची धाकटी ग्वाल्हेरला नोकरीला आहे, साहेब त्रास देतो, तक्रार करायची म्हणत होती. "मैंने मना कर दिया. कहा, बिटिया, भाईसाहब के दफ़्तर का किस्सा सुना है न — कौन मानेगा?" आणि त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तेव्हा तरी बोलायला हवं होतं ना? मी चहाचा पेला खाली ठेवला. पुन्हा उचलला.

सुमन खरं बोलली होती. खोटं मी लिहिलं, आणि जन्मभर सांगत हिंडलो. ते कागद कधीच रद्दीत गेले. बडे बाबूही गेले — त्यांच्या शोकसभेत भाषण मीच केलं.

हे मराठीत लिहितोय. माझ्या मुलाला मराठी समजते, पण वाचायचा कंटाळा. तिवारीजी तर वाचणारच नाहीत — म्हणूनच मराठीत लिहितोय. उद्या सकाळी पार्कात जाईन. ते म्हणतील, सुनाइए.