शेवंताअक्कांची मोजणी

आडगाव मागे पडलं आणि केळीची हिरवी भिंत संपली. पुढे थोडी कपाशी, थोडी ज्वारी, मग नुसता खडकाळ माळ आणि समोर सातपुडा. दिपमाला अनवाणी चालत होती. उजाडताना गावातून निघाल्याला तीन तास होत आले होते. गेल्या अर्ध्या तासात तिचं सगळं लक्ष तळपायांत जाऊन बसलं होतं.

"चप्पल आनली आहे मी पिशवीत," पुढे चालणाऱ्या शेवंताअक्का मागे न बघता म्हणाल्या. "घालशीन का?"

"नको अक्का. अनवाणी येईन असं बोलले होते."

"देवी काही पाय तपासाले दारात बसली नही."

"तरी नको."

"धुळ्याकडचे लोक भलते हट्टी."

"हट्टी शेतसच आम्ही," दिपमाला मुद्दाम माहेरच्या बोलीत म्हणाली.

"हे तुमचं शे-शे माझ्या म्हशीपुढे बोलू नको, माय. दूध आटीन तिचं."

दिपमालाला हसू आलं आणि खडे जरा कमी टोचायला लागले. नवस तिचाच होता. जिल्हा परिषदेच्या शाळेवर ती तिसरी शिक्षिका, येऊन दीड वर्ष झालेली. जूनमध्ये देव्हाऱ्यापुढे हात जोडून ती बोलली होती की शाळेतली बावीस पोरं नवरात्र बसायच्या आत वाचती होऊ देत, मी मनुदेवीला पायी येईन, पायात काही न घालता. मागच्या रविवारी बावीस नावं पुरी झाली. बरोबर बावीस. सोमवारी पालकसभेत तो आकडा वाचायचा होता, आणि त्याच्या आदल्या दिवशी ती साडी-खण, नारळ घेऊन निघाली होती. एकटीला कशाला जाऊ द्यायचं म्हणून शेवंताअक्का सोबत आल्या होत्या. निघाल्यापासून त्या नेहमीपेक्षा कमी बोलत होत्या. वयाचं चालणं असेल, असं दिपमालाला वाटलं.

शेवंताअक्का शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्ष. दोन एकर कपाशी, एक म्हैस, आणि बाकीचे दिवस दुसऱ्याच्या शेतात निंदणी नाहीतर वेचणी. मुलगा-सून सुरतेला कापडाच्या बाजारात. त्यांची पोर समीक्षा आजीजवळ राहून चौथीत शिकते, म्हणून अक्का पालक. अध्यक्ष कोण होणार असं विचारल्यावर सगळ्यांनी खाली बघितलं होतं, तेव्हा कोणीतरी त्यांचं नाव सुचवलं. अंगठेबहाद्दर बाई आहे, दाखवू तिथे अंगठा करेल, असा हिशोब असावा. तो पहिल्याच सभेत चुकला.

त्या सभेत मुख्याध्यापक जीवराम सर शाळा विकास आराखडा वाचून दाखवत होते. पहिलं उद्दिष्ट होतं की यंदा तिसरी ते पाचवीच्या शंभर टक्के मुलांना वाचता येईल.

"गेल्या साली काय लिहिलं व्हतं?" अक्कांनी विचारलं.

सरांनी मागचं पान उलटलं. "शंभर टक्के."

"झालं का मंग?"

"झालं असंच लिहिलंय."

"गेल्या साली बठ्ठे वाचाले लागले, तं यंदा परत कोनाले शिकवता?"

लोक हसले. जीवराम सरही हसले. माणूस लबाड नव्हता. वर्षाला चाळीस तक्ते भरून दमलेला होता, आणि तक्त्यात शंभर लिहिलं की पुढचे प्रश्न येत नाहीत एवढं शिकलेला होता. "अक्का, तुम्हीच सांगा मग काय लिहू," ते म्हणाले.

"आधी मोजा. मंग इचारा."

मोजायचं कसं, हे त्यांना बरोबर माहीत होतं आणि ते त्या शाळेत शिकल्या नव्हत्या. लग्न होऊन दोन वर्षं झाली होती तेव्हाची गोष्ट. रावेरकडच्या माहेराहून कार्ड आलं. शेजारचा सातवी पास पोरगा वाचायला बोलावला. त्यानं कार्ड डोळ्यांपुढे धरलं आणि भराभर सांगितलं, सगळे खुशाल आहेत, पाऊस बरा आहे, काळजी करू नये. दोन आठवड्यांनी भाऊ स्वतः आला. दाढी वाढलेली, डोकं भादरलेलं. कार्डात लिहिलं होतं, आबा अंथरुणाला खिळलेत, तुझं नाव घेतात, निघून ये. त्या पोराला वाचताच येत नव्हतं. सातवी पास असून येत नाही, हे सांगायची लाज वाटली म्हणून त्यानं सगळ्या कार्डांत असतं तेच सांगितलं. अक्का त्याला कधी टाकून बोलल्या नाहीत. त्याला पास करणाऱ्यांबद्दल मात्र आजही बोलतात.

तेव्हापासून घरात आलेला प्रत्येक कागद त्या दोघांकडून वाचून घेतात. एकाचं दुसऱ्याला ऐकू जाऊ द्यायचं नाही. दोघांनी सारखंच सांगितलं तर कागद तसा आहे. वेगळं सांगितलं तर तिसरा गाठायचा.

हीच रीत त्यांनी पोरांना लावली. पाठ्यपुस्तक घ्यायचं नाही, ते पोरांना पाठ असतं. बियाण्याच्या पिशवीतलं पत्रक, लग्नपत्रिका, किराण्याच्या पुडीचा कागद, ठिबकच्या नळीसोबत येणारी माहिती, जे हाताला लागेल ते. रविवारी पोरं दोन-दोन करून घरी बोलवायची. एकानं ओट्यावर बसून वाचायचं, मग त्यानं बाहेर जायचं आणि दुसऱ्यानं मागे गोठ्यात तोच कागद वाचायचा. जुळलं की दोन्ही नावं दिपमालाच्या वहीत. नाही जुळलं की पुढच्या रविवारी दोघांना वेगवेगळे जोडीदार. सरांना आधी हे खूळ वाटलं. पहिली मोजणी झाली तेव्हा छत्तीस पोरांत अकरा निघाली, आणि त्या संध्याकाळी सर बराच वेळ वर्गात खडू हातात घेऊन बसून राहिले.

"अकराचे नवरात्रापर्यंत दुप्पट," अक्का म्हणाल्या होत्या. "बावीस. शंभर टक्के नको. कोन येत नही त्याचं नाव आपल्याले माहीत पाह्यजे."

हे सगळं त्या पालकांसमोर बोलल्या होत्या, आणि त्यामागे कारण होतं. फैजपूरच्या इंग्रजी शाळेची पिवळी गाडी त्या वर्षीपासून गावाच्या फाट्यापर्यंत यायला लागली होती. सात घरांनी दाखले मागितले होते. तोताराम पाटील तर उभं राहून म्हणाले, "अक्का, पोराचं वय काही तुमच्या मोजणीसाठी थांबनार नही."

"नवरात्रापर्यंत थांबा," अक्कांनी त्यांना सांगितलं. "बावीस झाले तं पोरं इथंच ठेवा. एकबी कमी भरलं तं मी अडवनार नही. तुमच्या दाखल्याच्या अर्जावर शिफारशीचा पह्यला अंगठा माझा."

सातही घरं थांबली. शाळेचा पट त्रेसष्ट. सात गेली की छप्पन्न, आणि साठच्या खाली तिसरा शिक्षक राहत नाही. तिसरी दिपमाला. भाड्याची खोली, शाळेत जाताना लागणारं मारुतीचं देऊळ, दीड वर्षात नावानिशी ओळखू यायला लागलेली त्रेसष्ट तोंडं, यांतलं काय आपलं राहणार ते त्या आकड्यावर होतं.

आणि आकडा वाढत गेला. नावं समोर असल्यामुळे कोणाजवळ बसायचं ते कळत होतं. सर शेवटचा अर्धा तास जोडाक्षरांपाशी अडणाऱ्या पाच जणांना घेऊन बसायला लागले. पोरं रस्त्यावरची पत्रकं उचलून आणायला लागली. जुलैत तेरा, ऑगस्टअखेर सतरा, मग एकोणीस, वीस. शेवटच्या रविवारी सगळ्यांत शेवटी बसली नवल आणि समीक्षा ही जोडी. जुळली. दिपमालानं वहीत दोन नावं लिहिली, आणि शाळेत जाऊन फळ्याच्या कोपऱ्यात बावीस.

ओढा आला. डोंगरातून येणारं पाणी घोट्याएवढं होतं. पलीकडून घंटेचा आवाज येत होता, देऊळ आता अर्ध्या तासावर होतं. दिपमाला दगडावर बसली आणि पाय पाण्यात सोडून डोळे मिटले. अक्का बसल्या नाहीत. पदरानं तोंड पुसून त्या उभ्याच राहिल्या.

"नारळ चढवाच्या आधी तुले एक सांगाचं आहे," त्या म्हणाल्या. "नंतर सांगितलं तं देवीपुढे खोटं झाल्यासारखं व्हईन."

दिपमालानं डोळे उघडले.

"त्या रविवारी मक्याच्या बियाचा कागद व्हता. आठवते का? लांबडा. मधी घडी. वरच्या अर्ध्यात नुसतं लिहेल, खालच्या अर्ध्यात कनसाचं चित्र आन् त्याच्याखाली लिहेल."

"हो. मीच दिला होता."

"नवलनं वरचं अर्धं वाचलं. ओट्यावर, माझ्यासमोर. घडी केलेलीच व्हती. मंग तो गेला, मी कागद गोठ्यात घेऊन गेली. हातात उलटापालटा झाला असंन. समीक्षाच्या पुढे आला तो चित्रवाला अर्धा. तिच्या अंगठ्याखाली कनीस व्हतं, मले दिसत व्हतं. आन् ती बोलत व्हती ते नवलचं. शब्दाले शब्द."

दिपमालानं तो कागद डोळ्यांपुढे आणला. मग हळूहळू तिच्या लक्षात आलं. समीक्षासमोर कागदाचा जो अर्धा होता, त्यावर ते शब्द नव्हतेच.

"गोठ्याच्या पत्र्यातून ओट्यावरचं ऐकू येते," अक्का म्हणाल्या. "परवा तिनंच सांगितलं, मी जवळ घेऊन इचारलं तव्हा. आधीचे दोन रविवार तिचं जुळलं नव्हतं. आजीचे बावीस भरत नही म्हून तिनं कान लावला. आपलंच पोर ते."

"आणि नवल?"

"नवल खरा आहे. गुरुवारी त्याले परत बसवलं, समाधानच्या पोरीसंगं. तिचं नाव तं आधीपासून वहीत आहे. नवा कागद, शेताच्या दोन टोकांले. जुळलं."

"म्हणजे एकवीस."

"एकवीस."

ओढ्याच्या पलीकडून काही बाया गाणं म्हणत उतरत होत्या, डोक्यावर परड्या. एकीनं "देवी पावो" म्हटलं, अक्कांनी मान हलवली.

"तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं," दिपमाला म्हणाली. तिला ते विचारायचं होतं, पण निघालं ते सांगितल्यासारखं.

"डोयाले कळलं व्हतं. मी म्हटलं, म्हातारीची नजर, चुकली असंन. तू तिकडे खडू घेऊन उभी. सरांनी पेढे आनेल. मी काही बोलली नही." अक्का आता खाली बसल्या, गुडघ्यावर हात ठेवून. "सात दिवस झाले. जेवन गोड लागत नही. ज्या पोरानं माझ्या बापाचं कार्ड वाचलं, त्यालेबी कोनीतरी असंच पुरं भरलं म्हून पुढे ढकलेल व्हतं. आता ते मी केलं, आन् माझ्याच नातीले."

दिपमालाला बोलायला बरंच होतं. समीक्षा हुशार आहे, जोडाक्षरापाशीच अडते, दिवाळीच्या सुटीपर्यंत वाचेल. एका नावासाठी सात दाखले जातील. तोताराम पाटील काही ऐकून घेणार नाहीत. यांतलं पहिलं तेवढं ती बोलली.

"दिवाळीपर्यंत शिकेल ती अक्का. मी घेते रोज."

"घे ना. शिकली का तव्हा मोज."

"आणि मी गेले तर कोण घेणार?"

अक्कांनी हे आधीच धरलेलं होतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पिशवीतून त्यांनी दशम्या काढल्या, एक दिपमालाच्या हातात दिली, आणि ती खात नाही असं बघून परत घेऊन फडक्यात बांधली.

"तुझा नवस," त्या फडक्याची गाठ आवळत म्हणाल्या. "तो फेडाचा का नही ते तुझं तू देवीसंगं बोल. त्यात मी पडत नही. इथवर आली आहेस, दर्शन तं घेच."

"घेते."

"रागावली का?"

दिपमालानं पाय पाण्याबाहेर काढले. तळव्याला दोन ठिकाणी कातडं निघालं होतं. पदराच्या टोकानं ते टिपताना तिच्या मनात आलं, की अकराच पोरं वाचतात हे जूनमध्ये कळलं तेव्हा सगळ्यांत जास्त लाज तिलाच वाटली होती, आणि त्या लाजेपासूनच पुढचं सगळं सुरू झालं होतं. राग शोधूनही सापडेना. भीती होती, ती काही कमी झाली नव्हती.

"नाही," ती म्हणाली. "तुम्ही उद्या सभेत सांगणार का हे?"

"मी सांगतेच. पन आकडा तुझ्या वहीत आहे. मले ना लिहिता येत, ना वाचता." अक्का उठल्या आणि तिला उठायला हात दिला. दिपमाला उभी राहिल्यावरही त्यांनी तो सोडला नाही. "दर वेळेले मीच म्हनत आली, कोन येत नही त्याचं नाव पाह्यजे. आता एकच गोष्ट मागते, पोरी. उद्या बावीसवर काट मार, एकवीस लिह, आन् उभी राहून मोठ्यानं वाच. कमी काऊन भरलं असं कोनी इचारीन, इचारतीनच, तव्हा समीक्षाचं नाव घेऊ नको. मोजनारी चुकली म्हन, आन् माझं नाव घे."