हाकेच्या अंतरावरचा तंबू

तंबूच्या पिशवीतून लहान मुलाची एक चप्पल निघाली, तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. एकच, डाव्या पायाची. तंबू वैशालीनं कॉलेजच्या एका सीनियरकडून मागून आणला होता आणि त्या सीनियरचं अजून लग्नसुद्धा झालेलं नव्हतं.

"मंग हे लेकरू कुठंय?" मी विचारलं.

"आत बघ बरं नीट," वैशाली म्हणाली.

मी पिशवी टाकून दारापर्यंत पळाले.

असे किस्से आमच्याकडे इतके साचलेत, की आता कुणी नुसतं "चप्पल" म्हटलं तरी चहा नाकातून येतो. लोक कॅम्पिंगचे किस्से सांगतात. आमचे सगळे तयारीचेच आहेत.

आम्ही म्हणजे मी, वैशाली आणि शबाना. जालन्यात एकाच बाकावर बसून बी.एस्सी. केलं. दिवाळीनंतर शबानाचा निकाह, मग ती नांदेडला. त्याआधी पावसाळ्यात एक मुक्काम डोंगरात, तिघींनीच, तंबूत करायचा, हा तिचा हट्ट. आत्ता नाही तर मग कधीच नाही, हे तिघींनाही माहीत होतं. वैशालीचं गाव पिंपळगाव रेणुकाई. तिचे काका मेंढ्या घेऊन तिथल्या डोंगरात फिरतात, म्हणून जागा त्यांनीच सुचवली. माझी आई म्हणाली, "शबानाची अम्मी सोडत असंल तर जा." वैशालीच्या घरीही हेच उत्तर. म्हणजे सगळं अम्मीवर येऊन थांबलं.

अम्मी शिलाईकाम करते. मशीन न थांबवता म्हणाली, "पैले तयारी दिखाव. मंग बघू."

तंबूची पहिली तालीम अम्मीच्या गच्चीवर झाली. स्लॅबमध्ये खुंट्या कुठं ठोकणार? वैशालीनं दोऱ्या पाण्याच्या टाकीला बांधल्या. आम्ही आत बसलो, चेन लावली. इतक्यात नळ आला आणि खाली अम्मीनं मोटार सुरू केली. टाकी भरली, वाहायला लागली, आणि तिचा पाइप बरोबर तंबूच्या जाळीवर! मी अशी किंचाळले, की शेजारच्या गच्च्यांवर माणसं गोळा झाली. चेन अडकलेली. वैशाली घोटाभर पाण्यात मांडी घालून म्हणाली, "वॉटरप्रूफ हाये बरं का. आतलं पाणी बिलकुल बाहेर जाईना."

अम्मी धावत वर आली. हातात बादली.

"हलू नका गं. इतक्या दिवसांनी नळ आल्ता. आधी भरून घेऊ दे."

दुसरी तालीम पिंपळगावला, वैशालीच्या काकांच्या रानात. काळी माती पावसानं अशी झालेली, की पाय उचलला तर चप्पल खालीच राहायची. आम्ही खुंट्या ठोकल्या, दोरी ताणली. शबाना टोपी घालून लांबून एक डोळा मिटून बघत होती, तंबू सरळ आहे का म्हणून.

धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, एक माणूस येऊन उभा राहिला. मग दुसरा. मग मोटारसायकलवर तिघं.

"ताई, रस्ता कुठून चाल्ला?"

आमच्याकडे कुणी रानात खुंटी ठोकली की लोकांना एकच गोष्ट आठवते. मोजणी. आणि मोजणी म्हटलं की मावेजा, गेलेल्या जमिनीची सरकारी भरपाई.

"काका, रस्ता न्हाई, तंबू हाये. आम्ही ह्यात झोपणार," मी सांगितलं. कुणाचाच विश्वास बसला नाही. चांगली शिकलेली पोरगी घरदार सोडून चिखलात कशाला झोपेल? एक म्हातारेबाबा मात्र माझ्या अगदी जवळ आले, इकडं तिकडं बघून हळूच म्हणाले, "बाई, ही शेवटची खुंटी जराशी माझ्या धुऱ्याच्या आत घेता येईल का?"

मग झोपायची सोय. स्लीपिंग बॅगा विकत आणायला अम्मीचा विरोध. "ती नुसती खोळ. मी शिवते." बाहेरून रेक्झिन, आतून जुन्या साड्या, कडेला दणकट चेन. काम झाल्यावर तिनं ती आमच्यापुढं पसरली. बॅग एकच होती. डोकी बाहेर काढायला जागा तीन.

"अम्मी, तिघींची एकच?"

"अलग-अलग झोपल्या तर कोणाला डर लागला, कसं कळंल?"

मापं बघायला तिघी आत शिरलो. अम्मीनं चेन ओढली. मी मधे, आणि माझ्या बरोबर वर ट्यूबलाइटमागं पाल. तिनं शेपूट हलवलं आणि मी पळाले. मी पळाले म्हणजे तिघीही पळालो, मेथीच्या जुडीसारख्या. दार एका माणसाचं. तिघी तिथं अडकलो आणि आडव्या झालो. शबानाचं कपाळ चौकटीला लागलं, वैशाली माझ्या नावानं काय काय बोलून राह्यली होती ते इथं लिहिता येत नाही.

अम्मी चष्मा लावून आमच्यावर वाकली. बोटानं शिवण चाचपली.

"बघ. एक टाका उसवला न्हाई."

पण त्याच पडण्यात घोटाळा झाला. शबानाच्या कपाळाला हळद लावता लावता अम्मीनं विचारलं, "तिथं मोबाइलला रेंज हाय?"

"न्हाई."

"मंग अंधारात एकमेकीपासून चुकल्या तर?"

"हाका मारू की," शबाना म्हणाली.

अम्मीनं सरळ माझ्याकडं बघितलं. त्यात तिची चूक नाही. दचकले की माझा आवाज गल्ली उठवतो, पण मुद्दाम काढायला गेलं की गळ्यातच बसतो. कॉलेजात माझं "प्रेझेंट सर" कधी पहिल्या बाकापलीकडं गेलं नाही. समोर बसून मी गैरहजर असायचे.

"हिची हाक मला ऐकू आली, तर जाव," अम्मी म्हणाली. "न्हाई तर बिलकुल न्हाई."

त्या परीक्षेसाठी अम्मी स्वतः जीपनं पिंपळगावला आली. मी पाझर तलावाच्या बांधावर, एकटी. अम्मी पार तिकडं रस्त्यावर, भज्यांच्या हॉटेलातल्या बाकावर. मधे मक्याचं रान आणि भुरभुर पाऊस. हाक ऐकू आली की अम्मीनं ओ द्यायची. शबाना आणि वैशाली तिच्या शेजारीच, पण त्यांनी तोंड उघडायचं नाही. आमच्यावर तिचा एवढा विश्वास.

"अम्मीऽऽ."

काही नाही.

"अम्मीऽऽऽ."

मक्यात सळसळलं. "कोण आहे?" मी त्या मक्यालाच विचारलं. एक शेळी बाहेर आली, माझ्याकडं बघून ओरडली. शेळीची ओ धरायची की नाही, हे आमचं ठरलं नव्हतं.

आणखी एकदा हाक मारली. मग आणखी एकदा. रस्त्यावर तीन ठिपके तसेच बसलेले. त्यातला मधला शबाना. मला एकदम ती बॅग दिसली, तीन डोक्यांची, आणि एका जागी कुणीच नाही. दिवाळीनंतर तसंही कुणी नसणार होतं.

मी डोळे मिटले, ओढणी कमरेला खोचली आणि पोटातून, टाचांतून, कुठून कुठून आवाज गोळा करून ओरडले. तलावातले बगळे उडाले. शेळी पळाली. मक्यातून एक माणूस विळा घेऊन धावत आला, "कोण बुडलं बाई, कोण बुडलं?"

आणि रस्त्यावरून, पावसातून, अखेर ओ आली.

"अगे पैल्याच हाकेला ऐकलं मी! तोंडात भजं होतं!"