उतरवून घेतलेल्या ओळी

ती सुधारणा माझी नव्हती. वर्षभर लोक ती माझी म्हणत राहिले आणि मी गप्प बसलो. गप्प बसणं मला चांगलं जमतं.

झाशीतल्या एका कॉलेजात मी संगणक प्रयोगशाळा सांभाळतो. उरलेल्या वेळात, कित्येक वर्षांपासून, एका मुक्त सॉफ्टवेअरचं काम करतो. ते फाइलचे तुकडे करून अनेकांच्या घरच्या संगणकांवर ठेवतं. कुणा एका कंपनीच्या कोठाराची गरज नको म्हणून. बदल कुणीही सुचवावा. आम्ही देशोदेशीचे चार-पाच जण तो वाचायचो आणि पटला तर मर्ज करायचो, म्हणजे मूळ कामात मिसळून घ्यायचो. असं मिसळलं की ओळीओळीवर लिहिणाऱ्याचं नाव आपोआप राहतं.

तेव्हा आमच्यात भांडण चाललं होतं. काही म्हणत, प्रत्येक फाइलच्या पूर्ण प्रती ठेवा. काही म्हणत, प्रती कशाला, तुकडेच ठेवा, हरवलेला तुकडा गणिताने परत बनवता येतो. अशात झाशीजवळच्या बबीन्याहून एक बाई बदल लिहून पाठवू लागल्या. नवरा फौजेत, त्याच्या बदलीमुळे साताऱ्याहून आलेल्या. त्यांनी दोन्ही कल्पना एकत्र बसवल्या: रोज लागणाऱ्या फाइलींच्या प्रती, नुसत्या पडून असलेल्यांचे तुकडे. वर एक अट घातली. एकाच ट्रान्सफॉर्मरवरची सगळी घरं मिळून एकच घर धरायचं, एका फाइलचा तिथे एकच तुकडा, कारण लाईट गेली की ती एकदम बंद पडतात.

‘फार गुंतागुंतीचं’ असं लिहून मी तो प्रस्ताव बंद केला. खरं कारण एवढंच की इतक्या वर्षांत मला ते सुचलं नव्हतं.

चार महिन्यांनी तेच मी माझ्या नावाने आणलं. त्यांचाच प्रस्ताव बटण दाबून मर्ज केला असता, तर त्यांचं नाव राहिलं असतं. ते राहू नये म्हणून तीन दिवस बसून त्यांच्या ओळी हाताने उतरवल्या, थोड्या इकडच्या तिकडे करून. ट्रान्सफॉर्मरची अट तेवढी गाळली. तिकडे लाईट जात नाही, परदेशातली मंडळी हसतील असं वाटलं. मंडळींनी वाहवा केली. बाई लिहायच्या थांबल्या.

या उन्हाळ्यात इलाइट चौराह्यामागचा आमच्या भागातला ट्रान्सफॉर्मर जळाला. इथल्या मराठी घरांतल्या जुन्या मोडी कागदांचे फोटो आम्ही याच व्यवस्थेत ठेवले होते, आणि त्यांचे बहुतेक तुकडे नेमके आमच्याच गल्लीत. दोन दिवस एकही पान उघडलं नाही.

बायकोला म्हटलं, “एक अट राहून गेली आहे. घालायला हवी.”

“मग त्या बबीन्याच्या बाईंना विचारा,” ती कणीक मळता मळता म्हणाली. “की तेही उतरवूनच घेणार?”

“तुला कुणी सांगितलं?”

“तीन दिवस डावीकडे त्यांच्या नावाचं बघून उजवीकडे टाइप करत होतात. मी काय आंधळी आहे?”

मी बबीन्याला फोन केला, येऊ का म्हणून विचारलं. बाईंनी पत्ता दिला. का येताय ते विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी बसने गेलो. चहा समोर आला, तेव्हा म्हणालो, “ताई, ते काम तुमचं होतं. मी चोरलं.”

“ठाऊक आहे, काका. माझी एक चूक होती त्यात, तीही जशीच्या तशी नेलीत.”

मी माफी मागू लागलो.

“माफीचं राहू द्या. तुमचं काढा आणि माझा प्रस्ताव उघडा. पूर्ण, ट्रान्सफॉर्मरसकट. आणि का काढलंत ते सगळ्यांसमोर लिहा. इंग्रजीत हं! तुमची ही हिंदीत भिजलेली मराठी मलाच निम्मी कळते.”

दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिलं. चार वाक्यं झाली. शेवटचं हे, की मर्ज करण्याचा माझा अधिकार काढून घ्यावा. बाकीच्यांनी तो काढला. एकाने खाली फार कडवट लिहिलं.

वर्षभरात बाकीचं काम पुढे गेलं होतं, त्यामुळे त्यांचा जुना प्रस्ताव आता नीट बसेना. जागोजागी संगणक विचारायचा, यातली कुणाची ओळ ठेवू? फोनवर बाई आणि इकडे मी, असे आठवडाभर बसलो. मी म्हणत गेलो, तुमची ठेवतो, हीही तुमचीच.

“थांबा, काका. इथे तुमची नंतर लिहिलेली बरी आहे.”

“नको, ताई.”

“उपकार करत नाहीये. माझ्या ओळीने फाइल दोनदा डाउनलोड होते. ठेवा ती.”

ठेवली, माझ्या नावाने. बाकी सगळं त्यांच्या नावाने गेलं आणि बटण दुसऱ्याच कुणी दाबलं.

आता माझे प्रस्ताव त्या वाचतात. कालचा परत आला आहे: ‘चाचणी लिहिलेली नाही. लिहा.’ चाचण्या, म्हणजे बदल नीट चालतो का हे तपासणाऱ्या ओळी, लिहिण्याचा मला पहिल्यापासून कंटाळा. लिहायला बसलो आहे.