पायी चालणाऱ्यांच्या शोधात, रिक्षातून

पुण्याहून निघताना आमच्या विभागप्रमुखांनी बजावलं होतं, "नागपुरात माणसं रस्त्याने कशी चालतात, रस्ता कसा ओलांडतात, ते नीट बघून या. पादचाऱ्यांच्या सुरक्षिततेवर आपल्याकडे संशोधनच नाही." सत्तरच्या दशकातले ते दिवस. संशोधन नव्हतं हे खरंच. पादचारी मात्र होते, आणि संशोधनाची वाट न बघता बिचारे चालत होते. रात्रभर गाडीत अवघडून जानेवारीतल्या एका सकाळी नागपूर स्टेशनवर उतरलो, तेव्हा मला पाय मोकळे करायची फार निकड होती. ती शेवटपर्यंत भागली नाही.

मला न्यायला तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजातले प्राध्यापक श्रावण सोनकुसरे आले होते. घराणं विणकरांचं; वडिलांपर्यंत हातमाग, श्रावणरावांपासून सिमेंट-काँक्रीट. मी म्हटलं, "थोडं चालत जाऊ या का?" त्यांचा चेहराच उतरला.

"पाहुण्याले पायी नेलं तं लोक माह्या तोंडात शेण घालतील ना, सर."

सायकलरिक्षात बसलो. त्यानंतर मी नागपुरात चहाच्या टपरीपर्यंतसुद्धा रिक्षानेच गेलो. चालणाऱ्यांचा अभ्यास करायला आलेल्या माणसाचे असे लाड दुसऱ्या कुठल्या गावाने केले नसते.

नंदनवन नावाच्या वस्तीतलं त्यांचं घर मोठ्या रस्त्याला लागूनच होतं. उमरेडकडून कोळशाचे ट्रक धडधडत यायचे. फुटपाथ काही दिसेना, म्हणून विचारलं. श्रावणराव शांतपणे म्हणाले, "आहे ना. त्या पानठेल्याच्या खाली." ठेल्याच्या पुढे सायकलदुरुस्ती, तिच्यापुढे काटोलच्या संत्र्यांची रास, आणि या सगळ्यांना वळसा घालून माणसं ट्रकला खेटून चाललेली. सवयीनं कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं.

दुपारी सावजी रस्सा (विणकरांच्या घरचं झणझणीत मटण) पानात पडला. ऐन थंडीत मला घाम फुटला, नाक वाहू लागलं. वाढत होती श्रावणरावांची आई. घरात सगळे तिला माय म्हणत. मीही तेच म्हणू लागलो. सत्तरीची, काटक बाई.

"काहून गा भाऊ, पुण्यात लोक चालत नाहीत का?" तिने विचारलं.

"चालतात की."

"मंग तिथंच पाहाचं ना. इतक्या लांब कायच्याले आले?"

मी रस्सा ओरपत राहिलो.

जेवण झाल्यावर तिने मला दारात नेलं आणि रस्त्यापलीकडचं एक निळं दार दाखवलं. "ते माह्या बहिणीचं घर. शेवंताचं. लकवा मारला तिले, पडूनच राहते. दिवाळीत मी तिले भेटाले निघाली तं ट्रकनं उडवलं. हात मोडला माहा. तवापासून श्रावण एकटीले जाऊ देत नाही. रविवारी स्कूटरवर नेते. बहीण का रविवारचीच असते गा?"

श्रावणराव मान खाली घालून सुपारी कातरत होते. "माय, तुले काही झालं तं मी काय करू?" एवढंच म्हणाले. दोघांचंही खरं होतं आणि मधे रस्ता होता.

दुसऱ्या दिवशी आमचं संशोधन सुरू झालं. रस्त्याच्या कडेला मोजणीच्या जागेची खूण म्हणून एक पांढरं पिंप ठेवलं, त्याच्याशेजारी मी कागद-पेन्सिल घेऊन उभा, आणि मदतीला कॉलेजचा खाकी कपड्यातला शिपाई, हातात लाल झेंडी. झालं भलतंच. ट्रकवाल्यांना वाटलं, लायसन तपासून राहिले. लांबूनच वेग कमी करून ते सभ्यपणे, जवळजवळ लाजत, पुढून जाऊ लागले. एक स्कूटरवाला तर उतरून स्कूटर ढकलत गेला. मला मोजायचा होता धोका, आणि धोका काही माझ्यासमोर यायला तयार नव्हता.

तेवढ्यात माय घरातून बाहेर आली. पदर खोचलेला, हातात पितळी डबा. तिने एकदा इकडे पाहिलं, एकदा तिकडे, आणि सरळ चालू लागली. श्रावणराव माझ्याशेजारी पांढरेफटक होऊन उभे राहिले. एक ट्रक चक्क थांबला. माय त्याच्यापुढून गेली आणि निळ्या दारात शिरली.

संध्याकाळी मोजणी आवरायच्या आधी ती तशीच परत आली. "शेवंतानं गोळाभात (बेसनाचे गोळे घालून केलेला भात) पोटभर खाल्ला," म्हणाली. त्या रात्री श्रावणराव आईशी एका शब्दानं भांडले नाहीत. पुढचे दोन दिवस माय सकाळी गेली, संध्याकाळी आली. आमचे कागद मात्र कोरेच राहिल्यासारखे होते: धक्का नाही, अपघात नाही, साधी शिवीगाळही नाही.

निघायच्या सकाळी पिंप कॉलेजात परत गेलं होतं. श्रावणराव रिक्षा आणायला गेले होते. दारात माय डबा घेऊन उभी.

"आज मोजणी नाही का, भाऊ?"

"संपली, माय."

"इतक्यात? सगळे लोक मोजून झाले?"

मी तिचा हात धरला आणि आम्ही रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिलो. चला, नागपुरात निदान एकदा पायी चालू, असं मनात आलं. ट्रक गेला, त्यामागे दुसरा, मग एस.टी., मग पुन्हा ट्रक. एक पाऊल टाकावं आणि दोन मागे घ्यावीत. पुण्याच्या तज्ज्ञासाठी कुणी थांबेना. तेवढ्यात रिक्षा आली. "सर, गाडी चुकेल," श्रावणराव म्हणाले. मग आईकडे न बघता, "माय, रविवारी नेतो ना."

मी रिक्षात चढलो. मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं.

"भाऊ," माय म्हणाली, "पुन्हा कधी याल मोजाले?"

पुण्यात विभागप्रमुखांनी आकडे पाहिले आणि खूश झाले. नागपूरचे वाहनचालक अत्यंत शिस्तशीर, रस्ता सुरक्षित, असा निष्कर्ष त्यांनी काढला. रस्ता आम्ही उभे होतो तेवढा वेळच सुरक्षित होता, हे मी अहवालात लिहिलं, त्यांनी ते खोडलं. शेवटचं वाक्य मात्र तसंच राहिलं, कारण ते प्रत्येक अहवालात असतंच, जेवणानंतरच्या बडीशेपेसारखं: 'या रस्त्यावर अधिक संशोधनाची आवश्यकता आहे.' एरवी मी ते सवयीनं लिहितो. त्या वेळी मनापासून लिहिलं. निळ्या दारासमोर, रस्त्याच्या अलीकडे, कुणीतरी डबा भरून वाट बघत होतं.