शंभर टक्के निकाल आणि माझी टी.सी.

"हिची टी.सी. घेऊन जा, बाई. हिच्यापायी माझा शंभर टक्के निकाल बुडंल."

हेडमास्तर माझ्या मायला म्हणले. माय हापिसाच्या उंबऱ्यात उभी. समोर तीन खुर्च्या रिकाम्या. बस म्हणला न्हाई मेला.

मी नववीत गणितात नापास झाले व्हते. आता दहावी बाहेरून द्यायची, सतरा नंबरचा फॉर्म भरून. म्हणजे वर्गात बसायचं न्हाई, आन् नापास झाले तर शाळेच्या निकालाला धक्का न्हाई. जिंतूर तालुक्यात आमच्या शाळेचं लय नाव. गेटवर दरसाल 'शंभर टक्के' लिहायचे. ते असं जमवायचे.

पण मी नापास झाले कशी? शिपाई रिटायर झालता, दुसरा आला न्हाई. मग रोज गणिताच्या तासाला हेडमास्तर दारातून हाक मारायचे, "ए बुद्धवाडा, चल." माझं नाव घ्यायचे न्हाईत, आमच्या वस्तीचंच घ्यायचे. हापिस झाडायचं, पाणी भरायचं, पाहुण्यांचे कप विसळायचे. सगळं वर्ष. माझ्याच बाकावर पाटलाची पोरगी बसायची, तिला कधी झाडू दिला न्हाई. गणिताचे सर फळ्याकडं तोंड करून लिहीत राहायचे. आन् मी? पहिले दोन महिने मला ते मोठेपणाचं वाटलं. हेडमास्तरांनी मलाच निवडलं म्हणून! आजबी आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावी वाटते.

माय अंगठा द्यायला वाकली. शाई बोटाला लागली व्हती. माझं डोकंच सणकलं. मी तिचा हात धरला.

"सर, गणिताच्या तासाला मी कुठं असायची, ते ह्या कागदावर लिहा. मंग माय अंगठा देईल."

"शिकून लय शहाणी झालीस का गं?"

"शिकू कुठं दिलं तुमी?"

ते लिहीनात, म्हणून मायनं अंगठा दिला न्हाई, आन् टी.सी. बी निघाली न्हाई. मी फेरपरीक्षा दिली, दहावीला त्याच वर्गात बसले. हाक आली तरी उठले न्हाई. बोर्डात गणिताला एकाहत्तर पडले.

आज मी सेलूकडच्या एका शाळेत मुख्याध्यापिका हाय. परवा संस्थेचे सचिव यादी घेऊन आले. अभ्यासात कच्च्या पाच पोरांची नावं.

"मॅडम, ह्यांना सतरा नंबर भरायला लावा. न्हाईतर निकाल पडंल, आन् तुमची खुर्ची बी जाईल."

मी दहावीची हजेरी ओढली. त्यांच्यासमोर पाचही नावं माझ्या हातानं लिहिली.

निकाल पडू द्या. खुर्ची जाऊ द्या. माझ्या सहीनं एकाही लेकराची टी.सी. निघणार न्हाई.